ॲस्ट्रोवरील संकेतस्थळात एमडीएक्सची पाने कशी जोडावीत? (वृत्तांची लगक्रमासह मांडणी)

प्रश्न | गणमात्रा

मराठी वृत्तांची ओळख करून देणारे एक छोटे संकेतस्थळ आम्ही काही जण मिळून ॲस्ट्रो या संकेतस्थळे बांधण्याच्या फ्रेमवर्कच्या पाचव्या आवृत्तीवर चालवतो. प्रत्येक वृत्ताचे एक पान आहे आणि त्यात लक्षण, गण, यती, उदाहरणाच्या ओळी व थोडे विवेचन असते. सर्व पाने साध्या मार्कडाउनमध्ये (मांडणीसाठी मोजक्या खुणा वापरणारा साधा मजकूर) असून ती एका कंटेंट कलेक्शनमधून, म्हणजे एकाच प्रकारच्या लेखफाइलींच्या संचातून, येतात. लिहिणाऱ्यांत बहुतेक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना मार्कडाउन चांगले जमते, मात्र त्यांनी प्रोग्रॅमिंग शिकावे अशी अपेक्षा ठेवणे योग्य होणार नाही.

अडचण लगक्रमाची, म्हणजे लघु-गुरू अक्षरांच्या क्रमाची, आहे. ओळीतील प्रत्येक अक्षरावर लघु-गुरूचे चिन्ह दिसावे म्हणून आतापर्यंत आम्ही कोड ब्लॉक वापरत आलो, म्हणजे वरच्या ओळीत चिन्हे आणि खालच्या ओळीत पद्य. परंतु देवनागरीत सर्व अक्षरे समान रुंदीची नसल्याने 'च्या'वरचे चिन्ह सरकून 'कि'वर जाते, आणि मोबाइलवर तर कोणते चिन्ह कोणाचे हेच कळेनासे होते. त्यामुळे यासाठी एक कंपोनंट (पुन्हा पुन्हा वापरता येणारा पानाचा तुकडा) तयार करून तो लेखात बसवावा, असे ठरवले आणि एमडीएक्सचे, म्हणजे मार्कडाउनमध्ये कंपोनंट लिहू देणाऱ्या प्रकाराचे, इंटिग्रेशन बसवले. कॉन्फिग फाइलमध्ये त्याची नोंद आपोआप झाली. त्यानंतर भुजंगप्रयाताच्या फाइलचे एक्स्टेन्शन बदलून ते एमडीएक्स केले, तर ते पान यादीतूनच नाहीसे झाले आणि त्रुटीचा कोणताही संदेश आला नाही. तीच फाइल पेजेस फोल्डरमध्ये ठेवल्यावर पान उघडते, पण त्याला आमच्या स्थळाचा शीर्षभाग व अनुक्रमणिका मिळत नाही.

माझे प्रश्न असे: पान नाहीसे का होते? सगळीच पाने एमडीएक्समध्ये न्यावी लागतील का? आणि लिहिणाऱ्या शिक्षकांना प्रत्येक फाइलच्या आरंभी इम्पोर्टची ओळ लिहायला न लावता कंपोनंट वापरता येईल का?

उत्तर | स्थिरपान

पान नाहीसे होण्याचे कारण बहुधा कलेक्शनच्या व्याख्येत आहे. पाचव्या आवृत्तीत कलेक्शन कोणत्या फाइली उचलणार हे कंटेंट कॉन्फिगमधील ग्लॉब लोडरला दिलेल्या नमुन्यावरून ठरते. आपल्या नमुन्यात केवळ एमडी हे एक्स्टेन्शन असेल, तर एक्स्टेन्शन बदलताच ती फाइल कलेक्शनच्या दृष्टीने अस्तित्वातच राहत नाही. लोडरला नमुन्याबाहेरच्या फाइलींशी काही देणेघेणे नसल्याने त्रुटीही येत नाही. नमुन्यात महिरपी कंसात एमडी व एमडीएक्स अशी दोन्ही एक्स्टेन्शन्स स्वल्पविराम देऊन लिहावीत. पानाची ओळख फाइलच्या नावातून, एक्स्टेन्शन वगळून, तयार होते. त्यामुळे पानाचा पत्ता बदलणार नाही व जुने दुवे तुटणार नाहीत. फक्त एकाच नावाची एमडी आणि एमडीएक्स अशा दोन फाइली शेजारी राहू देऊ नयेत, कारण दोघींची ओळख एकच ठरते आणि एक दुसरीला झाकते.

पेजेस फोल्डरमध्ये जे घडले तेही अपेक्षितच आहे. त्या फोल्डरमधील प्रत्येक फाइल स्वतंत्र पान होते आणि तिला लेआउट हवा असल्यास तो फ्रंटमॅटरमध्ये, म्हणजे फाइलच्या माथ्यावरील माहितीत, नमूद करावा लागतो. कलेक्शनमधील नोंदींना मात्र लेआउट मिळतो तो आपल्या डायनॅमिक रूटच्या फाइलमधून, म्हणजे जिथे आपण नोंद घेऊन तिच्यावर रेंडर हे फंक्शन चालवता आणि मिळालेला कंटेंट लेआउटच्या आत ठेवता तिथून. तेव्हा फाइल कलेक्शनमध्येच परत न्यावी. फ्रंटमॅटरची स्कीमा (त्यात कोणती क्षेत्रे कशी असावीत याची व्याख्या) एमडीएक्सलाही तशीच लागू होते.

आंतरजालावर जुनी मार्गदर्शने वाचून गोंधळ होण्याची शक्यता असल्याने थोडा इतिहास सांगतो. ॲस्ट्रोच्या आरंभीच्या काळात साध्या एमडी फाइलमध्येच कंपोनंट लिहिता येत असत. ऑगस्ट २०२२ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आली तेव्हा ती सोय काढून तिची जागा एमडीएक्सच्या इंटिग्रेशनला देण्यात आली. काही काळ जुन्या पद्धतीसाठी एक वेगळा पर्याय ठेवला होता, तोही पुढे बंद झाला. म्हणून 'एमडी फाइलमध्ये कंपोनंट इम्पोर्ट करा' असे सांगणारा लेख आढळला तर त्याची तारीख आधी पाहावी. एमडीएक्सच्याही दोन मोठ्या आवृत्त्या मधल्या काळात झाल्या, दुसरी फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि तिसरी ऑक्टोबर २०२३ मध्ये. पहिल्या आवृत्तीच्या काळात चालणाऱ्या काही सवयी आज चालत नाहीत.

इम्पोर्टच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. रूटच्या फाइलमध्ये कंटेंट हा स्वतःच एक कंपोनंट असतो आणि त्याला 'कंपोनंट्स' नावाचा प्रॉप (बाहेरून दिले जाणारे मूल्य) देता येतो. त्यात आपण आपला वृत्ताचा कंपोनंट एकदाच दिला, की कलेक्शनमधील कोणत्याही एमडीएक्स फाइलमध्ये तो इम्पोर्टशिवाय वापरता येतो. याच मार्गाने साध्या मार्कडाउन खुणांचे रूपही बदलता येते, उदाहरणार्थ अवतरणाच्या खुणेने लिहिलेला परिच्छेद आपल्या पद्यचौकटीत दाखवणे. नाव चुकले तर 'अमुक कंपोनंट परिभाषित नाही, तो इम्पोर्ट करायला किंवा पुरवायला विसरलात का' अशा आशयाची त्रुटी येते आणि ती पुरेशी स्पष्ट असते. कंपोनंटचे नाव फाइलमध्ये रोमन लिपीत व पहिले अक्षर मोठे असे ठेवावे, कारण लहान अक्षराने आरंभ होणारे नाव एचटीएमएलचा टॅग समजले जाते. येथे मी सोयीसाठी देवनागरीत लिहीत आहे.

उत्तर | तिरपा कंस

वरील उत्तराशी मी सहमत आहे. सगळी पाने एमडीएक्समध्ये नेण्याबाबत मात्र स्पष्टपणे 'नेऊ नयेत' असे म्हणेन. नमुन्यात दोन्ही एक्स्टेन्शन्स असल्यावर दोन्ही प्रकारची पाने एकाच कलेक्शनमध्ये सुखाने राहतात. ज्या पानाला कंपोनंट हवा आहे तेवढेच बदलावे.

हा आग्रह धरण्याचे कारण असे की एमडीएक्स दिसायला मार्कडाउनसारखे असले तरी स्वभावाने फार कडक आहे. मार्कडाउनमध्ये काहीही लिहिले तरी पान तयार होते, फार तर वेडेवाकडे दिसते. एमडीएक्समध्ये एक न बंद केलेला कंस संपूर्ण स्थळाचा बिल्ड (पाने तयार करण्याची प्रक्रिया) थांबवतो. आपल्या विषयात ही अडचण लगेच येईल, कारण व्युत्पत्ती दाखवताना आपण 'दूध < दुग्ध' असे लिहितो. हे चिन्ह एमडीएक्सला टॅगचा आरंभ वाटते, पुढे नाव न सापडल्याने तो तिथेच अडतो. उपाय म्हणजे चिन्हाच्या आधी उलटी तिरपी रेघ देणे. उलट दिशेचे चिन्ह, म्हणजे 'दुग्ध > दूध', मात्र जसेच्या तसे चालते. शिक्षकांना एकच नियम सांगायचा असेल तर व्युत्पत्ती नेहमी मुळाकडून आजच्या रूपाकडे लिहावी असे सांगता येईल. तोच गोंधळ महिरपी कंसाचा आहे. पाठभेद महिरपी कंसात देण्याची कोणाची सवय असेल, तर त्यातील मजकूर जावास्क्रिप्ट म्हणून वाचला जाईल आणि त्रुटीचा संदेश त्या बिचाऱ्या लेखकाला काहीही सांगणार नाही.

शिवाय एचटीएमएलच्या पद्धतीची टीप, म्हणजे उद्गारचिन्हाने सुरू होणारी कॉमेंट, एमडीएक्समध्ये चालत नाही. ओळ तोडण्याचा टॅग शेवटी तिरपी रेघ देऊन बंद करावा लागतो. कोनी कंसात नुसता दुवा टाकला तर तोही चालत नाही, आणि चार जागा सोडून लिहिलेला मजकूर कोड समजला जात नाही. यांतील शेवटची गोष्ट पद्य लिहिणाऱ्यांच्या फायद्याची आहे, कारण पद्याच्या ओळी आत सरकवून लिहिण्याची सवय अनेकांना असते.

पद्याच्या ओळींबद्दल आणखी एक. मार्कडाउनमध्ये नुसती नवी ओळ म्हणजे ओळ तोडणे नव्हे. चारही चरण एकाच ओळीत वाहत जातात. त्यावर ओळीच्या शेवटी दोन जागा सोडण्याचा उपाय सांगितला जातो, पण अनेक संपादक फाइल जतन करताना त्या जागा काढून टाकतात. संपूर्ण स्थळासाठी प्रत्येक नव्या ओळीवर तोड घालणारे प्लगइन आहे, पण मग गद्यातही तसेच होते. मला सर्वांत निरुपद्रवी वाटणारा उपाय म्हणजे पद्यचौकटीला सीएसएसमधील व्हाइट-स्पेस या गुणधर्माचे प्री-लाइन हे मूल्य देणे. मूळ मजकुरातील नवी ओळ तयार झालेल्या एचटीएमएलमध्ये टिकून असतेच, ती दाखवायची की नाही एवढाच प्रश्न असतो.

आणि अनुक्रमणिकेसाठी मथळे नेहमी मार्कडाउनच्या खुणेनेच लिहावेत. एमडीएक्समध्ये टॅग लिहून केलेला मथळा मथळ्यांच्या यादीत येत नाही, त्याला आपोआप आयडीही मिळत नाही. फाइलींची नावेसुद्धा रोमन लिपीत असलेली बरी. देवनागरीतील एकेक वर्ण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो. नुसता 'मराठी' हा शब्द पाच वर्णांचा, म्हणजे दुवा कॉपी केल्यावर ४५ चिन्हांचा होतो.

उत्तर | यतिभंग

जोडणीबद्दल वर पुरेसे आले आहे, म्हणून मी प्रत्यक्ष कंपोनंटबद्दल लिहितो. त्याची रचना कशी होते यावरच आपले लेखक ही पाने आनंदाने लिहितील की टाळतील हे ठरेल.

पहिला मोह असा होतो की कंपोनंटने ओळ वाचावी आणि प्रत्येक अक्षर लघु की गुरू हे स्वतः ठरवावे. ऱ्हस्व स्वर लघु, दीर्घ स्वर गुरू, अनुस्वार-विसर्ग असेल तर गुरू, पुढे जोडाक्षर असेल तर आधीचे अक्षर गुरू, एवढे नियम लिहिणे कठीण नाही. संस्कृतासाठी ते बऱ्याच अंशी चालेलही. मराठीत मात्र जोडाक्षराचा नियम आघातावर अवलंबून आहे. 'तुझ्या पावलांनी घराला उजाळा' ही ओळ भुजंगप्रयातात बसते, कारण 'झ्या'च्या आधीचा 'तु' आपण लघुच उच्चारतो. यांत्रिक नियमाने तो गुरू ठरेल आणि निर्दोष ओळ सदोष दिसेल. 'दुसऱ्या' शब्दातील 'स'चे तेच, 'तुम्ही'तील 'तु'चेही तेच. अपवादांची यादी वाढवत बसलो तर ती कधी संपणार नाही, आणि जिथे ती चुकेल तिथे शिकणाऱ्याला चुकीचे शिकवले जाईल.

या कामाची गरजच नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. अक्षरगणवृत्तात लगक्रम ओळीतून शोधायचा नसतो, तो वृत्ताच्या लक्षणातच ठरलेला असतो. भुजंगप्रयात म्हणजे चार य गण, अर्थात ⏑ – – चार वेळा, एकूण बारा अक्षरे. शार्दूलविक्रीडित म्हणजे म स ज स त त ग, एकोणीस अक्षरे. मंदाक्रांता म्हणजे म भ न त त ग ग, सतरा अक्षरे. आठ गणांची आठ त्रिके आणि सुटे ल व ग एवढा एक छोटा तक्ता कंपोनंटमध्ये असला, की गणांवरून चिन्हांची पूर्ण रांग तयार होते. गण फ्रंटमॅटरमध्ये लिहावेत आणि कलेक्शनच्या स्कीमात झॉड या माहिती तपासणाऱ्या लायब्ररीच्या साह्याने या दहांखेरीज दुसरे अक्षर स्वीकारू नये असे बंधन घालावे. एमडीएक्समध्ये फ्रंटमॅटरमधील मूल्ये महिरपी कंसात लिहून थेट वापरता येतात, म्हणून गण एकाच जागी राहतात आणि कंपोनंटला तेथूनच मिळतात.

मग कंपोनंटचे काम उरते ते ओळीची अक्षरे पाडण्याचे. 'नदीच्या किनारी उभा एक वाडा' या ओळीची न, दी, च्या, कि, ना, री, उ, भा, ए, क, वा, डा अशी बारा अक्षरे व्हायला हवीत. यासाठी जावास्क्रिप्टमधील इंटल सेगमेंटर (मजकुराचे तुकडे पाडणारी अंगभूत सोय) सुचवला जातो, पण मी तो टाळेन. त्याचे एकक म्हणजे युनिकोडने ठरवलेला ग्राफीम समूह, आणि देवनागरी जोडाक्षर हा एकच समूह मानण्याचा नियम युनिकोडच्या मूळ नियमावलीत सप्टेंबर २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला. ॲस्ट्रो ज्यावर चालतो त्या नोडच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत 'च्या' एक की दोन, हे वेगळे निघण्याची शक्यता उरते. त्यापेक्षा स्वतःची रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे वर्णांचा नमुना ओळखणारे सूत्र, लिहावी: शून्य किंवा अधिक वेळा 'व्यंजन व हलन्तचिन्ह', मग व्यंजन, मग असल्यास काना-मात्रा, मग असल्यास अनुस्वार किंवा विसर्ग, अथवा व्यंजनाऐवजी स्वतंत्र स्वर. क पासून ह पर्यंतच्या वर्णपट्ट्यात ळ आणि ऱ हे दोन्ही येतात. शेवटी नुसते हलन्त व्यंजन उरले तर ते मागील अक्षराला जोडावे.

मराठीपुरत्या तीन बाबी लक्षात ठेवाव्या लागतील. 'किनाऱ्यावर' हा शब्द काही जण ऱ या स्वतंत्र वर्णाने टंकतात, तर जुन्या मजकुरात साधा र, हलन्तचिन्ह आणि त्यानंतर न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडवर्ण असतो. हलन्तचिन्हानंतर हा वर्ण येऊ शकतो अशी तरतूद ठेवली नाही तर अक्षर मध्येच तुटते. दुसरी बाब म्हणजे ॲ आणि ऑ तसेच त्यांची अर्धचंद्राची चिन्हे स्वरांच्या यादीत घालणे. तिसरी, विसर्गाच्या जागी टंकलेला अपूर्णविराम. 'दुःख' ऐवजी 'दु:ख' इतके सर्रास लिहिले जाते की ते कोणाला खटकतही नाही. अशा वेळी कंपोनंटने गप्प बसून ते चिन्ह गिळू नये, तर अनोळखी वर्ण म्हणून त्रुटी द्यावी.

अक्षरांची संख्या गणांवरून आलेल्या चिन्हांच्या संख्येशी जुळली नाही, तर कंपोनंटने त्या ओळीचा मजकूर, अपेक्षित संख्या आणि मिळालेली संख्या सांगणारी मराठी त्रुटी फेकून बिल्ड थांबवावा. वर एमडीएक्सच्या कडकपणाबद्दल तक्रारीचा सूर आला आहे, पण इथे तोच कडकपणा उपयोगी पडतो, कारण चुकीची छापलेली ओळ प्रकाशित होण्याआधीच पकडली जाते. ॲस्ट्रोचा कंपोनंट बिल्डच्या वेळीच चालतो आणि वाचकाकडे केवळ तयार एचटीएमएल जाते. त्यामुळे वाचकाच्या ब्राउझरवर यातील काहीच अवलंबून राहत नाही.

लेखकाने लिहायचे ते एवढेच: प्रत्येक चरणासाठी <ओळ पाठ="नदीच्या किनारी उभा एक वाडा" /> असा एक टॅग आणि त्यात गण फ्रंटमॅटरमधून. संपूर्ण कडवे टॅगच्या पोटात देण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण पोटातील मजकूर कंपोनंटला तयार एचटीएमएलच्या रूपात मिळतो आणि तो पुन्हा उलगडत बसावे लागते.

दृश्य मांडणीसाठी एचटीएमएलमधील रूबी हा टॅग योग्य आहे. तो जपानी-चिनी लिपींतील उच्चारखुणांसाठी आलेला असला तरी अक्षराच्या डोक्यावर लहान खूण ठेवणे हेच त्याचे काम असल्याने चिन्ह अक्षराबरोबरच सरकते आणि मोबाइलवर ओळ मोडली तरी जोडी फुटत नाही. लघूच्या ⏑ या चिन्हासाठी युनिकोडमध्ये स्वतंत्र वर्ण आहे. तो सर्व देवनागरी फाँटांत नसतो, तेव्हा त्या खुणांना वेगळा फाँट नेमून द्यावा.

मात्रावृत्तांना आणि छंदांना ही पद्धत लागू होत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. मात्रावृत्तात मात्रांची बेरीज ठरलेली असते, लगक्रम नव्हे. तिथे लेखकानेच चिन्हांची रांग प्रॉपमधून द्यावी आणि कंपोनंटने फक्त बेरीज तपासावी. अभंगात तर मोठ्या अभंगाच्या ६-६-६-४ अशा अक्षरसंख्येपलीकडे लघु-गुरूचा संबंधच नसतो, म्हणून तिथे चिन्हे न दाखवता खंडांची अक्षरे मोजून दाखवणे इतकेच पुरे. एका कंपोनंटमध्ये हे तिन्ही प्रकार कोंबण्यापेक्षा तीन छोटे कंपोनंट करावेत.

उत्तर | साधा मजकूर

मला एमडीएक्सबद्दलच शंका आहे, आणि ती येथे नोंदवणे आवश्यक वाटते. आपल्या गरजेत असे काय आहे की ज्यासाठी मार्कडाउन सोडावे? वर सुचवलेल्या कंपोनंटमधून शेवटी बाहेर पडते ते रूबीचे साधे एचटीएमएल. ते काम रिमार्क या मार्कडाउन वाचणाऱ्या साधनाचे डायरेक्टिव्ह प्लगइन साध्या एमडी फाइलमध्येही करू शकते. तीन अपूर्णविरामांनी आरंभ होणारी चौकट, तिला एक नाव, आत पद्याच्या चार ओळी आणि शेवटी पुन्हा तीन अपूर्णविराम, इतकेच लेखकाला लिहावे लागते. आपले स्वतःचे छोटे प्लगइन ती चौकट ओळखून तिचे एचटीएमएल करते. व्युत्पत्तीचे चिन्ह अडत नाही, महिरपी कंस अडत नाहीत, आणि अक्षरसंख्या जुळली नाही तर प्लगइनलाही त्रुटी फेकता येतेच.

माझा मुख्य मुद्दा दीर्घायुष्याचा आहे. वृत्तांवरील लेखन दहा वर्षांनी जुने होत नाही, फ्रेमवर्क मात्र होते. वर सांगितलेला २०२२ चा बदल हेच त्याचे उदाहरण आहे: ज्यांनी त्याआधी एमडी फाइलींत कंपोनंट पेरले होते त्यांना प्रत्येक फाइल हातात घ्यावी लागली. उद्या हे लेखन छापील पुस्तकासाठी काढायचे झाले, तर टॅगमध्ये अडकलेल्या ओळी सोडवण्यापेक्षा चौकटीतील ओळी उचलणे सोपे जाईल.

प्रतिसाद | यतिभंग

हा मार्ग योग्य आहे आणि ज्याला सिंटॅक्स ट्रीवर (मजकुराच्या रचनेच्या वृक्षावर) काम करण्याचा सराव आहे त्याने तोच घ्यावा. पण गटात तसे कोणी नसेल तर त्या प्लगइनची देखभाल कोण करणार, हा प्रश्न उरतो. ॲस्ट्रोचा कंपोनंट म्हणजे वर थोडे जावास्क्रिप्ट आणि खाली एचटीएमएल. एचटीएमएल येणारा कोणीही तो उघडून दुरुस्त करू शकतो. शिवाय अक्षरे पाडणे आणि गणांवरून रांग तयार करणे ही दोन फंक्शने वेगळ्या फाइलमध्ये ठेवली, तर उद्या ती जशीच्या तशी प्लगइनमध्ये वापरता येतील. मोल आहे ते या दोन फंक्शनांत. त्यांना बाहेरून एमडीएक्सने बोलावले की प्लगइनने, हा निर्णय नंतरही बदलता येतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद | गणमात्रा

नमुन्यात दोन्ही एक्स्टेन्शन्स दिल्यावर भुजंगप्रयाताचे पान यादीत परतले आहे आणि 'कंपोनंट्स' प्रॉपमधून दिलेला कंपोनंटही इम्पोर्टशिवाय चालतो. गटात प्लगइन लिहू शकणारे कोणी नसल्याने तूर्त अक्षरगणवृत्तांची पाने तेवढी एमडीएक्समध्ये नेऊ. विवेचनाचे व इतिहासाचे लेख मार्कडाउनमध्येच राहतील. यतिभंग यांनी सांगितलेली दोन फंक्शने मी वेगळ्या फाइलमध्येच लिहीत आहे.

दोन गोष्टी राहिल्या. प्रत्येक उदाहरणाशेजारी चाल ऐकवणारे बटण हवे आहे. एका सदस्याने ते रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत तयार करून दिले असून चरण ऐकू येत असताना त्यातील एकेक अक्षर उजळत जाते. तो कंपोनंटही 'कंपोनंट्स' प्रॉपमधून दिला. बटण दिसते, परंतु दाबल्यावर काहीच होत नाही. शिवाय आमच्या आरएसएस फीडमध्ये पूर्ण लेख जातो. त्यात या पानांचे काय होईल?

उत्तर | स्थिरपान

बटण दिसते आणि चालत नाही, याचा अर्थ त्याचे एचटीएमएल तयार झाले पण जावास्क्रिप्ट वाचकापर्यंत गेले नाही. ॲस्ट्रो कोणत्याही फ्रेमवर्कच्या कंपोनंटचे जावास्क्रिप्ट आपणहून पाठवत नाही, ते पाठवण्यासाठी क्लायंटचा निर्देश लिहावा लागतो. पण तो निर्देश शिक्षकांच्या एमडीएक्स फाइलमधील टॅगवर लिहूनही उपयोग होणार नाही. कोणती फाइल ब्राउझरकडे पाठवायची हे ॲस्ट्रोला इम्पोर्टवरून कळते, आणि प्रॉपमधून आलेल्या कंपोनंटचा इम्पोर्ट त्या फाइलमध्ये नसतो. म्हणून मध्ये ॲस्ट्रोचा एक छोटा कंपोनंट घालावा. त्यात रिॲक्टचे बटण इम्पोर्ट करून त्याच्यावर क्लायंट व्हिजिबल हा निर्देश लिहावा आणि 'कंपोनंट्स' प्रॉपमधून हा बाहेरचा कंपोनंट द्यावा. व्हिजिबल घेतल्याने वाचक उदाहरणापर्यंत पोहोचेपर्यंत जावास्क्रिप्ट उतरवले जात नाही, आणि लांब पानावर त्याचा फायदा आहे.

तथापि अक्षरे उजळण्याची हौस नसेल तर एचटीएमएलचा ऑडिओ टॅग नियंत्रणांसह ठेवला तरी काम भागते आणि रिॲक्ट मुळीच लागत नाही. वृत्त शिकणाऱ्याला उजळणारे अक्षर उपयोगी आहे हे मला मान्य आहे. पण तेवढ्यासाठीही ॲस्ट्रोच्या कंपोनंटमध्येच स्क्रिप्ट टॅग लिहून ऑडिओच्या वेळेनुसार रूबीवर एक क्लास चढवणे शक्य आहे. संपूर्ण स्थळावर रिॲक्टचा हा एकच उपयोग असेल तर मी हा मार्ग घेईन.

फीडची बाब अधिक नाजूक आहे. फीडसाठी नोंदीचा मूळ मजकूर घेऊन त्याचे वेगळ्या मार्कडाउन पार्सरने एचटीएमएल करण्याची पद्धत आपण वापरत असाल, तर एमडीएक्सच्या पानांत कंपोनंट चालणार नाहीत. वाचकाच्या फीडमध्ये एक तर कच्चे टॅग दिसतील किंवा उदाहरणाच्या ओळी पूर्णपणे गळून पडतील, आणि पद्याच्या पानातून पद्यच जाईल. मे २०२४ मधील ४.९ या आवृत्तीपासून कंटेनर एपीआय नावाची सोय आहे. तिने कंपोनंटसह पान रेंडर करून त्याचे एचटीएमएल मिळवता येते, पण ती प्रायोगिक म्हणून दिलेली असल्याने आवृत्ती बदलताना तपासत राहावे लागेल. आपल्यासारख्या स्थळाला मी सोपा पर्याय सुचवेन: फ्रंटमॅटरमध्ये 'सारांश' हे क्षेत्र स्कीमात अनिवार्य करावे, एमडीएक्सच्या पानांसाठी फीडमध्ये तो सारांश आणि पानाचा दुवा द्यावा, आणि साध्या मार्कडाउनचे लेख पूर्वीप्रमाणे पूर्ण पाठवावेत. फीडच्या फाइलमध्ये नोंदीच्या फाइलमार्गाचे एक्स्टेन्शन पाहून हा भेद करता येतो.